मग माणूसच करतो

आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो, टेबलाभोवती बसून आपापलं पात्र वठवायचा फाशांचा खेळ. पात्राची माहिती ज्या कागदावर लिहायची त्या आमच्या कॅरेक्टर शीटवर नावाखाली एक रकाना आहे, त्याला मी ‘कोण?’ एवढंच शीर्षक दिलंय. गेल्या महिन्यात भाच्याचा एक वर्गमित्र पहिल्यांदाच खेळायला आला. बुजरा मुलगा. इतरांचं बघून बघून पेन्सिलीनं सावकाश शीट भरत होता. ‘कोण?’ पुढं त्यानं ‘ऑर्क’ लिहिलं, म्हणजे दांडग्या राक्षसांतला एक, क्लासच्या, म्हणजे पेशाच्या, जागी ‘विझर्ड’, म्हणजे पुस्तकातून मंत्र शिकणारा जादूगार, लिहिलं, आणि समासात एक चित्र काढलं: खालच्या जबड्यातून वर आलेले दोन सुळे, नाकावर चष्मा, हातात जाडजूड पुस्तक. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी आणि बाकी सगळ्यांचे आवाज काढणारी, मी. मी ते वाचलं आणि वीस वर्षं अशा वेळी जे करत आले तेच केलं. घसा खाली उतरवला, खांदे पुढं काढले आणि माझ्या ऑर्कच्या आवाजात म्हणाले, “आपली अक्कल जरा कमी हाय, पन हात लई भारी हाय!” सगळे हसले. भाचा तर टेबल बडवून हसला, लहानपणापासून हा आवाज त्याचा लाडका. मग स्वतःच्या आवाजात परत येऊन मी नीट समजावलं, की बाबा रे, ऑर्कला बुद्धीत उणे दोन, आणि विझर्डचं तर सगळं बुद्धीवरच चालतं, जड जाईल तुला. नियम म्हणून सांगितलं. मायेनंच सांगितलं.

तोही जरासा हसला. मग त्यानं शेजाऱ्याचं खोडरबर ओढून घेतलं.

“मग माणूसच करतो, मावशी.”

रात्री सगळे गेल्यावर फासे पिशवीत भरताना हे वाक्य पहिल्यांदा नीट ऐकू आलं. दुपारी ते शीटबद्दलचं वाक्य होतं, आता ते कशाबद्दल होतं ते मला सांगता येईना. त्याचं शीट फायलीत वरच होतं. दिव्याखाली तिरकं धरलं तर ‘माणूस’च्या खाली ‘ऑर्क’ची खूण दिसत होती, पेन्सिल दाबून लिहायची सवय असावी त्याला. चित्र मात्र पुरतं खोडलेलं. कागद तिथं मऊ झाला होता, बोट फिरवलं की लव आल्यासारखा लागत होता.

पहिली शोभा पुस्तक उघडल्यावर झाली. उणे दोन मी ठासून सांगितले होते, ते आले कुठून? माझ्याकडं ज्या पुस्तकात खेळाडूंसाठी ऑर्क आहे ते २०१६ चं, आणि त्यात ते खरंच आहेत: ताकदीत अधिक दोन, शरीरात अधिक एक, बुद्धीत उणे दोन. पण माझी प्रत जुनी. २०२० मध्ये हा खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं दुरुस्ती काढून ती वजाबाकी उडवली होती. कोबोल्ड या सरड्यासारख्या बुटक्यांचे ताकदीतले उणे दोनही तेव्हाच गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या पुस्तकानं तर सगळेच अधिक आकडे हवे तिथं हलवायची मुभा दिली. म्हणजे मी त्या पोराला जो नियम मायेनं समजावला तो कधीच मेला होता. मी त्याचं भूत नाचवत होते.

आणि आकडा तरी केवढासा? न खेळणाऱ्यांना वाटेल, उणे दोन म्हणजे काय मोठं. खरंच फार नाही. दोन गुण गेले की वीस बाजूंच्या फाशावर एकाचा फरक पडतो, वीस वेळा टाकला तर एकदा. पण विझर्डच्या बाबतीत हिशोब वेगळा लागतो. समजा, हाताशी असलेला सगळ्यात मोठा आकडा, पंधरा, एका ऑर्कनं आणि एका हाय एल्फनं, म्हणजे विद्याप्रेमी, दीर्घायुषी एल्फांतल्या एकानं, बुद्धीला दिला. हाय एल्फला वर एक मिळतो, सोळा, मॉडिफायर, म्हणजे फाशात मिळवायचा आकडा, अधिक तीन. ऑर्कचे दोन जातात, तेरा, अधिक एक. २०१४ च्या नियमांत विझर्ड रोज किती मंत्र तयार ठेवणार, तर लेव्हल, म्हणजे सुरुवातीला एक, अधिक हा मॉडिफायर. पहिल्या दिवशी एल्फच्या झोळीत चार मंत्र आणि ऑर्कच्या झोळीत दोन. निम्मे. बंदी कुठंच नाही. कुणी म्हणत नाही की ऑर्कनं शिकू नये. फक्त बेरीज अशी मांडलेली असते की शहाणं माणूस आपणहून म्हणावं, जाऊ दे, दुसरं काहीतरी करतो.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. ती वजाबाकी मला आवडायची.

माझी पहिली मोठी कॅरेक्टर हाफ-ऑर्क, म्हणजे अर्धी माणूस अर्धी ऑर्क, होती, शिळा नावाची. तिसरी आवृत्ती, म्हणजे २००० सालची. त्यात हाफ-ऑर्कला ताकदीत अधिक दोन, पण बुद्धीत उणे दोन आणि करिश्म्यातही उणे दोन, असा उघड तोट्याचा सौदा होता. त्यात शिळा बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा, आणि त्या आवृत्तीत बार्बेरियनला लिहिता-वाचता येत नसे. बाकी सगळ्या क्लासना आपोआप येई, याला नाही. शिकायचं तर स्किल पॉइंटमधले दोन मोजायचे. शिळेची बुद्धी आठ, तिला एका लेव्हलला मिळायचे तीनच पॉइंट. तिसऱ्या लेव्हलला मी त्यातले दोन अक्षरओळखीवर घातले. टेबलावरच्या सगळ्यांनी वेड्यात काढलं. उड्या मारायला शीक, कान तिखट कर, वाचून काय करणार आहेस? पण त्या संध्याकाळी आमच्या डीएमनं शिळेला एका सरायच्या दारावरची पाटी वाचायला लावली. एकेक अक्षर जोडत मी ती वाचली आणि का कोण जाणे, गळा दाटून आला. पाटीवर फक्त ‘घोडे मागच्या बाजूला’ असं होतं. वीस वर्षांत मी ड्रॅगन मारलेत, राजे बुडवलेत, पण आजही कुणी विचारलं तर मला ती पाटी आठवते. ते उणे दोन नसते तर ती पाटी नुसती पाटीच राहिली असती.

म्हणून जुन्या ग्रुपमधला मित्र जेव्हा फोनवर तावातावानं म्हणतो, की आता सगळ्यांना सगळं सारखंच, मग ऑर्क म्हणजे काय तर हिरवा रंग फासलेला माणूस, तेव्हा मला त्याला उडवून लावता येत नाही. सातशे वर्षं जगणारा एल्फ आणि विशीतला माणूस एकाच पायरीवरून सुरुवात करतात हे मलाही कधी पचलेलं नाही. पण तोही एक गोष्ट सोयीनं विसरतो. २०२४ च्या नव्या पुस्तकातला ऑर्क काही रिकाम्या हातानं आलेला नाही. त्याला अंधारात दिसतं, एका झेपेत तो अंतर कापतो, आणि आडवा पडायची वेळ आली की एकदा तरी दात खाऊन उभा राहतो. बुटक्या हाफलिंगला फाशावर एक पडला तर फासा पुन्हा टाकता येतो. ही वैशिष्ट्यं मला टेबलावर करायला काहीतरी देतात. बुद्धी उणे दोन काही करायला देत नाही, मी तोंड उघडायच्या आत माझ्याबद्दल बोलून मोकळी होते. आणि शिळेचे उणे दोन मी पुस्तकातून हौसेनं उचलले होते, तिच्यावर हसायचा हक्क आधी माझा होता. त्या मुलानं काय उचललं होतं? चष्मा.

मित्राला हे फोनवर सांगितलं नाही. फोनवर आम्ही नेहमीसारखे भांडलो.

जुनी पुस्तकं मला पाठ आहेत अशी माझी ऐट असते, त्यातलीच एक गोष्ट. या खेळाची पहिली तीन पुस्तकं १९७४ ची. तेव्हा हाफलिंग योद्ध्याला चौथ्या लेव्हलच्या वर चढता येत नसे आणि ड्वार्फला सहाव्या. माणसाला मर्यादा नाही. का, तर खेळ माणसांच्या जगाचा राहावा म्हणून. मग १९७८ चं खेळाडूंचं जाडं पुस्तक आलं. त्यात ताकदीचा तक्ता आहे, अठराच्या पुढं टक्केवारी. माणसांतला पुरुष योद्धा अठरा आणि शंभर टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, स्त्री योद्धा अठरा आणि पन्नासला थांबते. हे मी एका मित्राच्या घरी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अशी उसळले की पुस्तक उचलून सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पलीकडच्याच पानांवर हाफ-ऑर्कला करिश्म्यात उणे दोन आहेत. तेही मी त्याच दिवशी वाचलं असणार. वाचून पान उलटलं असणार. माझ्या वाट्याचा उणे मला लांबून दिसला, दुसऱ्याच्या वाट्याचा मला मसाल्यासारखा वाटला, त्याशिवाय खेळाला चव कशी येणार!

ऑर्क, एल्फ, माणूस यांतलं काय, त्याला पूर्वी खेळात ‘रेस’ म्हणत, २०२४ च्या पुस्तकात तो शब्द नाही. डिसेंबर २०२२ मध्येच कंपनीनं जाहीर केलं होतं की यापुढं ‘स्पीशीज’. त्याच्या आधी २०१९ मध्ये पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीनं वेगळी वाट धरून ‘अँसेस्ट्री’ केलं होतं. क्षमतांचे अधिक आकडे आता जन्माला चिकटलेले नाहीत, ते पार्श्वभूमीवर गेलेत: तू पूर्वी लेखनिक होतास की शेतकरी की सैनिक, त्यावर. या शब्दाशी आम्ही मराठीतून खेळणारे जुनेच झगडतोय. ‘वंश’ म्हटलं की राजघराण्याची बखर वाचल्यासारखं होतं, ‘प्रजाती’ म्हटलं की जीवशास्त्राचा तास, ‘जमात’ म्हटलं की सरकारी फॉर्म. उरला तो दोन अक्षरी शब्द. तो मी अगदी पहिल्या सेशनला सहज तोंडातून काढला होता, “हं, तुझी जात कोणती?” आणि टेबल असं गप्प झालं की मीच फासे गोळा करायला लागले. तेव्हापासून रकान्याला ‘कोण?’ असं नाव आहे. मला वाटलं, शब्द बदलला, प्रश्न सुटला.

त्याच नव्या पुस्तकात ऑर्क पहिल्या रांगेत आलाय, पण हाफ-ऑर्क आणि हाफ-एल्फ नाहीत. ‘हाफ’ म्हणणंच गैर, असं कंपनीकडून सांगितलं गेलं, आणि ते मला पटतं. जुन्या पुस्तकांत हाफ-ऑर्कच्या जन्मामागं जबरदस्तीचीच छाया असायची, तीही गेली ते बरंच झालं. तरी पुस्तक चाळताना मी शिळेला शोधलंच. वर्गाचा जुना फोटो घ्यावा, आपण उभे होतो ती जागा बघावी, आणि शेजारचे दोघे एकमेकांना खेटून उभे दिसावेत, तसं झालं.

ड्राउंचंही आठवलं. जमिनीखाली राहणारे काळ्या कातडीचे एल्फ, १९७८ च्या साहसांत आले तेच दुष्ट म्हणून. मग १९८८ मध्ये ड्रिझ्ट आला, चांगला ड्राउ, आणि आमच्या पिढीनं त्याला डोक्यावर घेतलं. प्रत्येक टेबलावर एक तरी उदास, दोन तलवारींचा, आपल्या लोकांना सोडून आलेला ड्राउ असायचाच. तेव्हा वाटायचं, बघा, कुणालाही चांगलं होता येतं. आता वाटतं, त्याचं चांगलं असणं उठून दिसावं म्हणून मागं एक अख्खी काळी पार्श्वभूमी लागत होती. एकटा चांगला निघाला की बाकीच्यांवर शिक्का पक्का होतो. आणि जो निघाला त्याचं तरी काय? बिभीषण रामाकडं गेला, धर्माच्या बाजूनं उभा राहिला, लंकेचा राजाही झाला. भाषेनं त्याच्यासाठी काय ठेवलं? ‘घरचा भेदी’.

आता पिल्लांचं. प्रत्येक जुन्या डीएमच्या आयुष्यात हा प्रसंग एकदा येतो. पार्टी, म्हणजे खेळाडूंची टोळी, गुहेत शिरते, ऑर्क मारते, आणि आतल्या कोपऱ्यात ऑर्कांची लहानगी सापडतात. पॅलाडिननं, म्हणजे धर्माला बांधलेल्या योद्ध्यानं, काय करायचं? खेळाच्या जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांना २००५ मध्ये असंच कुणी विचारलं, तर उत्तरात त्यांनी कर्नल चिव्हिंग्टनच्या नावावर असलेल्या वाक्याचा दाखला दिला होता: लिखांच्याच उवा होतात. १८६४ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोत सँड क्रीकला शायेन आणि अरापाहो या मूळनिवासी लोकांची बायकामुलांसकट कत्तल केली, तोच हा चिव्हिंग्टन. मला हे बऱ्याच उशिरा कळलं आणि मी हादरले. मी स्वतः माझ्या टेबलावर असलं काही कधी होऊ दिलं नव्हतं. लहानग्यांना वाचवायला पार्टीला नेहमी वाट ठेवली. पण त्या रात्री फाईल चाळताना माझ्याच जुन्या टिपणांवर नजर थांबली. गावावर हल्ला झाला त्या पानावर मी लिहिलंय, ‘एल्फांची सात मुलं’. गुहेच्या पानावर, माझ्याच अक्षरात, ‘ऑर्कांची पाच पिल्लं’.

आणि मग तो आवाज.

आवाज हा डीएमचा अर्धा खेळ. माझे एल्फ कसे बोलतात? सावकाश, पुस्तकातल्यासारखं, वाक्याच्या शेवटापर्यंत श्वास पुरवून. ‘आपण जरा विश्रांती घ्यावी, असे मला वाटते.’ राजे, पंडित, चांगले पुजारी, सगळे तसेच. आणि माझे ऑर्क, दरोडेखोर, गुहेतले राक्षस, दारावरचे रखवालदार? ते ‘हाय’ म्हणतात, ‘न्हाय’ म्हणतात, ‘लई’ म्हणतात. मी हे कधी ठरवलं नव्हतं. कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, कुठल्या दुरुस्तीत ते खोडून मिळणार नाही. माझे एल्फ पाणी मागतात आणि माझे ऑर्क पानी मागतात. वीस वर्षं.

वर एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली नाही, टाळली. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तो मुलगा स्वयंपाकघराच्या दाराशी आला आणि म्हणाला, “मावशी, जरा पानी...” मी वळले. आमची नजरानजर झाली असेल-नसेल, आणि त्यानं ते पुन्हा म्हटलं. “पाणी मिळेल का?” ‘ण’ इतका घोळवून, इतका जपून, की जिभेनं टाळूला धरून ठेवला होता. मी ग्लास भरून दिला. त्यानं उभ्यानंच पिऊन टाकला आणि ग्लास विसळून पालथा घातला. तेव्हा माझ्या काहीही लक्षात आलं नाही. फार तर, मुलगा नीटनेटका आहे, एवढं आलं असेल.

पुढच्या सेशनच्या आधी मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, तो नियम जुना होता रे, चुकलं माझं, तुला ऑर्क विझर्ड करायचा असेल तर अजूनही कर. शीट नवं देते. तो म्हणाला, “नको मावशी, आता याची गोष्ट लिवली... लिहिलीय मी.” आवाजाबद्दल मला काही बोलता आलं नाही. काय बोलायचं असतं अशा वेळी? मी क्षमा मागायची म्हणजे त्यानं आधी कबूल करायला हवं की त्याला लागलं होतं. तेवढं ओझं त्याच्या डोक्यावर कशाला?

त्या दिवशीच्या गोष्टीत नेमका डोंगरातला नाका होता, आणि नाक्यावर ऑर्क. महिन्यापूर्वीच लिहून ठेवलेला. पार्टी नाक्याशी आली. मी घसा साफ केला, आणि माझ्याकडं आवाजच नव्हता. जुना काढवेना. त्याला एल्फाची मराठी द्यावी तर तीही एक थट्टाच झाली असती. शेवटी मी माझ्याच आवाजात, बँकेच्या खिडकीमागून बोलावं तसं म्हणाले, “थांबा. नावं सांगा. कुठून आलात?” भाचा मागं रेलला. “मावशी, आज तुझा ऑर्क काय बोअर झालाय!” खरंच झाला होता. भाल्याला टेकून उभा असलेला, कुणाचाच नसलेला आवाज. भाच्यानं त्याला धमकावायला फासा उचलला.

“एक मिनिट,” तो मुलगा म्हणाला. “मला ऑर्कांची भाषा येते.”

कुणाला खरं वाटेना. त्यानं शीट फिरवून दाखवलं. भाषांच्या रकान्यात, ‘कॉमन’ या सगळ्यांच्या सामायिक भाषेच्या खाली, त्याच दाबलेल्या पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘ऑर्क’. माणसाला एक जादा भाषा घेता येते, त्यानं ती घेतली होती. पहिल्याच दिवशी.

“मग बोल,” मी म्हटलं.

त्यानं खुर्ची पुढं ओढली, माझ्याकडं बघितलं, माझ्याकडं म्हणजे नाक्यावरच्या रखवालदाराकडं, आणि एका दमात म्हणाला, “दादा, लई लांबनं आलोय आमी. पोरं दमल्यात. आदी जरा पानी द्या, बसू द्या, मग इच्यारा तुमाला काय इच्यारायचं ते. पळून थोडीच चाललोय?” न अडखळता, न हसता. आमच्या टेबलावर तो बोललेलं सगळ्यात लांब वाक्य. भाच्याच्या हातातला फासा हातातच राहिला.

सगळे माझ्याकडं बघत होते. ऑर्कनं भाला भिंतीला टेकवला, आत गेला आणि पाणी घेऊन आला. बोलला मात्र काहीच नाही.